कागदाखालचा केस

मुलाखतीत त्यांनी विचारलं,
"ऑस्टिओपॅथीच का?"
मी घोकलेलं उत्तर दिलं:
शरीर एकसंध आहे, वगैरे.
तिघांनी माना हलवल्या.
एकाने घड्याळ पाहिलं.

आधी नऊ कॉलेजांनी मला नाही म्हटलं होतं,
सेंद्रिय रसायनात मी दोनदा आपटले होते.
हेही एक कारणच,
पण ते कोण सांगतं.

आणि वडिलांची पाठ.

पूर्व केंटकीतल्या आमच्या खोऱ्यात
कोळशाचा थर छत्तीस इंचांचा.
तेवढ्यात माणूस उभा राहत नाही,
धड बसतही नाही.
हॉबर्ट स्लोन, माझे वडील,
त्यात एकवीस वर्षं रांगले.
वर आले की सरळ व्हायला त्यांना वेळ लागायचा,
गंजलेली घडीची खुर्ची
कुणी जपून उघडावी तसा.

मोठ्या इस्पितळातला डॉक्टर स्क्रीनशी बोलला.
दुखणं एक ते दहात किती?
वडील म्हणाले, "चार."
आईने माझ्याकडे पाहिलं.
चारच्या गोळ्या मिळाल्या, नंतर सहाच्या.
त्याच गोळ्यांनी शेजारच्या ड्वेनला नेलं,
त्या रात्री वडिलांनी बाटली संडासात रिकामी केली
आणि दात आवळून झोपले.

डॉक्टर इमोजीन रॅटलिफचा दवाखाना
टायरच्या दुकानामागे.
"म्हणजे हाडवैद्यीणच ना?" मामा हसला.
तिने आधी गरम पाण्याखाली हात धरले,
पुसले,
वडिलांच्या कमरेखाली तळवा सरकवला
आणि थांबली.
मी कोपऱ्यात अपूर्णांक सोडवत होते.
तीन गणितं झाली तरी तिचा हात तिथेच.
मग म्हणाली,
"तुम्ही डाव्या कुशीवर सरपटता."
वडील छताकडे बघत राहिले.
हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.
आम्हालाच कुठे ठाऊक होतं.

पाठ बरी झाली नाही.
हे स्पष्ट सांगते, नाहीतर गोष्ट वाटेल.
पण त्या संध्याकाळी
त्यांनी आपले बूट आपणच काढले,
आणि आई पायरीपाशी
हात पुढे करून
उगीच उभी राहिली.

पुढे मी तिच्याकडे फायली लावायला जायचे.
एकदा ती म्हणाली,
टेलिफोन डिरेक्टरीच्या पानाखाली केस ठेव,
डोळे मीट, बोटांनी शोध.
सापडला की वर आणखी एक पान.
महिन्याभरात मी पाच पानांवर आले.
सहाव्याला नुसता कागद.

वडील खोकत आले, म्हणाले, सरक.
भेगांत काळं भरलेली ती बोटं
पानावर टेकली, जेमतेम.
"इथे."
अकरा पानांखाली.

मी विचारलं, कसं?
ते म्हणाले, छत असंच बघतात.
एका हाताने पहार ठोकायची,
दुसरा तळवा दगडावर.
घट्ट दगड खणकतो,
सुटलेला घुमतो,
पण कानाच्या आधी तळव्याला कळतं.
मग पोरांना सांगायचं, मागे व्हा.
थोडं थांबून म्हणाले,
"एकदाच चुकलो."
कधी, ते मी विचारलं नाही.
पानं चाळून केस काढला.
आईचा होता,
मुळाशी पांढरा.

लोक म्हणतात, अमक्याला हातगुण आहे,
जणू आकाशातून पडतो तो.
मी त्याला अंधारात
दगडाखाली पोसलेला पाहिलाय.

मुलाखतीनंतर गाडीतून फोन केला.
"काय विचारलं?"
"का, म्हणून."
"मग?"
"सांगितलं, शरीर एकसंध आहे."
ते हसले, हसता हसता खोकले,
खोकला ओसरेपर्यंत मी वायपर बघत बसले.
"आणि छताचं?"
"नाही सांगितलं."
"बरं केलंस," ते म्हणाले,
"लिहून घेतलं असतं त्यांनी."